पर्सिव्हिअर: अर्थ काय, वापरायचं कसं आणि कुठे वापरायचंच नाही

काही वर्षांपूर्वी मी ऑफिसात रजेचा मेल टाकला होता. तीन दिवस ताप उतरत नव्हता आणि डोक्यात नुकताच वाचलेला एक भारी शब्द घोळत होता, म्हणून ठोकून दिलं, "माय फीव्हर इज पर्सिव्हिअरिंग". रजा मिळाली, पण परत गेल्यावर साहेब हसत म्हणाले, "काय रे, तुझा ताप भलताच मेहनती दिसतोय, दमला की नाही शेवटी?" मला आधी विनोदच कळला नाही. घरी येऊन डिक्शनरी उघडली, तिथे अर्थ होता अडचणी असूनही प्रयत्न चालू ठेवणे, म्हणजे मी लिहिलं होतं की बिचारा ताप हार न मानता नेटाने कष्ट करतोय.

त्या दिवसापासून हा शब्द मी जरा बारकाईने बघायला लागलो. आपल्यातले बरेच जण याचा अर्थ "हार न मानणे" एवढाच पाठ करतात आणि तिथेच गडबड होते, कारण अर्थ अर्धा बरोबर असतो आणि वापर पूर्ण चुकतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, एकेक पायरी घेत.

पायरी १: आधी अर्थ नीट पकडा

"हार न मानणे" हे एका क्षणाचं काम असू शकतं. समोरच्याने दम दिला, तुम्ही कच खाल्ली नाही, झालं. पर्सिव्हिअर एका क्षणात होत नाही, त्याला वेळ लागतो. मराठीत सगळ्यात जवळचं म्हणाल तर "नेटाने चालू ठेवणे" किंवा "चिकाटी न सोडणे". वाक्यात हा शब्द टाकायच्या आधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. करणारा जिवंत, इच्छाशक्ती असलेला कोणी आहे का? काम कठीण आहे का, किंवा यश लवकर दिसत नाहीये का? आणि हे बराच काळ चाललंय का? तिन्हींना हो असेल तरच शब्द बसतो, एकाला जरी नाही आलं तरी दुसरा शब्द शोधायचा.

माझा ताप पहिल्याच प्रश्नाला नापास. आता समजा कोणी रोज सकाळी आवडीने, मजेत पोहायला जातो आणि पाच वर्षं जातोय. इथे काळ आहे, माणूस आहे, पण कठीण काहीच नाही, त्याला तर मजा येतेय, मग पर्सिव्हिअर कशाला? तोच माणूस पाण्याला घाबरत असेल, पहिले दोन महिने नाकातोंडात पाणी जाऊन रडकुंडीला आला असेल आणि तरी रोज तलावावर हजर राहिला असेल तर मात्र "ही पर्सिव्हिअर्ड" एकदम फिट. अडचण दिसली पाहिजे, निदान वाचणाऱ्याला तिचा वास तरी आला पाहिजे.

अजून एक बारीक गोष्ट. यात यश मिळालंच असं नाही. "शी पर्सिव्हिअर्ड" म्हणजे ती जिंकली असा अर्थ होत नाही, ती करत राहिली एवढाच होतो. जिंकली असेल तर ते वेगळं सांगावं लागतं.

पायरी २: उच्चार आणि स्पेलिंग

उच्चारात जोर शेवटच्या तुकड्यावर, पर्-सि-व्हिअर. "सिव्हिअर" म्हणजे कडक किंवा तीव्र हा शब्द माहीत असेल तर त्याच्याआधी "पर्" लावायचं, संपलं. आणि हा नुसता योगायोग नाहीये, दोघं खरंच एका घरातले आहेत. लॅटिनमध्ये सेव्हेरुस म्हणजे कडक, त्याला जोर देणारा "पेर्" लागून झाला पेर्सेव्हेरुस, म्हणजे अगदी कडक, आणि त्यावरून क्रियापद. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. म्हणजे मुळात भाव आहे स्वतःशी कडक वागायचा. मला हे कळलं तेव्हापासून अर्थ विसरायला झाला नाही.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांत याचा जोर मधल्या तुकड्यावर आहे, पर्-सेव्ह-र असा. त्यामुळे जुनी कविता मोठ्याने वाचताना ताल अडखळला तर तुमची चूक नाही, शब्दच तेव्हा वेगळा बोलला जायचा.

स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं आहेत आणि स्वर एकच, ई, तोही चार वेळा. ए, आय, ओ, यू यातलं काहीही लिहिताय असं वाटलं तर थांबा. आर दोनच आहेत. लोक मधे तिसरा आर घुसवतात आणि "पर्सर्व्हिअर" करून ठेवतात, ही चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही सर्रास करतात. दुसरा घोळ "प्रिझर्व्ह"शी होतो. प्रिझर्व्ह म्हणजे जपून ठेवणे, टिकवणे. घाईत टाईप केलं की स्पेलचेक पण काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

नाम करताना पर्सिव्हिअरन्स, शेवट ए-एन-सी-ई. पण त्याचा चुलतभाऊ पर्सिस्टन्स ई-एन-सी-ई ने संपतो. याला काही लॉजिक शोधू नका, पाठ करा.

पायरी ३: पुढे कोणतं शब्दयोगी येतं, इथेच सगळे आपटतात

मराठीत आपण म्हणतो "अभ्यास नेटाने चालू ठेवला", अभ्यास हे सरळ कर्म. मग इंग्रजीत पण आपण सरळ लिहितो "आय पर्सिव्हिअर्ड माय स्टडीज". चूक. हे क्रियापद कर्म घेत नाही, त्याच्या आणि कामाच्या मधे एक छोटा शब्द लागतोच लागतो.

सगळ्यात जास्त चालतो "विथ". हातात घेतलेली गोष्ट, कोर्स, वाद्य, औषधोपचार, अगदी माणूससुद्धा. "शी पर्सिव्हिअर्ड विथ द व्हायोलिन" म्हणजे जमत नव्हतं तरी व्हायोलिन सोडलं नाही. माणसाबरोबरचा वापर क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंट्रीत भरपूर ऐकू येतो. एखादा बॅटर सलग फेल जातोय तरी त्याला टीममध्ये ठेवलं की म्हणतात "द सिलेक्टर्स हॅव पर्सिव्हिअर्ड विथ हिम". इथे अर्थ होतो त्याच्यावर विश्वास ठेवून संधी देत राहिले. सूर कौतुकाचा आहे की टोमण्याचा हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरवायचं. आणि उलट, "दे डिडन्ट पर्सिव्हिअर विथ द प्लॅन" म्हणजे थोडं करून बघितलं आणि गाशा गुंडाळला.

दुसरा "इन". हा जरा भारदस्त. पुढे प्रयत्न, श्रद्धा, शोध असलं काहीतरी, किंवा आयएनजीवालं क्रियापद. "ही पर्सिव्हिअर्ड इन हिज एफर्ट्स", "शी पर्सिव्हिअर्ड इन लर्निंग द लँग्वेज". लिहिताना छान दिसतो, बोलताना कमी येतो.

"अ‍ॅट" पण चालतो, एखाद्या कामावर वेळ घालवत राहण्यासाठी, पण विथ येत असेल तर याची फारशी गरज पडत नाही. अडचण सांगायची असेल तर "थ्रू", "डिस्पाइट" किंवा "इन द फेस ऑफ". "दे पर्सिव्हिअर्ड डिस्पाइट द सेटबॅक्स". लक्षात घ्या, विथ आणि इन नंतर काम येतं, थ्रू आणि डिस्पाइट नंतर संकट येतं. दोन्ही एका वाक्यात आणता येतात.

आता न चालणारे. "पर्सिव्हिअर ऑन" नाही, तो "ऑन" आपण "इन्सिस्ट ऑन" मधून उचलून आणतो. "पर्सिव्हिअर टू लर्न" पण नाही, "ट्राय टू लर्न" च्या सवयीने तोंडात येतं पण तिथे "इन लर्निंग" पाहिजे. "पर्सिव्हिअर टू गेट अ जॉब" हे "नोकरी मिळावी म्हणून" अशा हेतूने कधीतरी खपून जाईल, पण तरी मी टाळतो. आणि पुढे काहीच नाही टाकलं तरी वाक्य पूर्ण होतं, "इट वॉज हार्ड बट शी पर्सिव्हिअर्ड". शंका असेल तेव्हा असंच लिहा, यात चुकायला जागाच नाही.

पायरी ४: पर्सिस्ट, इन्सिस्ट आणि बाकी पाहुणे

पर्सिस्ट आणि पर्सिव्हिअर यातला फरक कळला की निम्मं काम झालं असं समजा. बऱ्याच औषधांच्या खोक्यांवर बारीक अक्षरात सूचना असते, लक्षणं तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. तिथे क्रियापद असतं पर्सिस्ट. "इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट". लक्षणं, पाऊस, अफवा, वास, दुखणं, गैरसमज, हे सगळे पर्सिस्ट होतात, कारण यांना मन नसतं, ते नुसते टिकून राहतात. रजेच्या मेलच्या आधी खोकं वाचलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

माणूस पण पर्सिस्ट करतो, पण तिथे रंग बदलतो. "ही पर्सिस्टेड इन आस्किंग" म्हणजे नको म्हटलं तरी विचारतच राहिला, खनपटीलाच बसला. "ही पर्सिस्ट्स इन लाइंग" म्हणजे पकडला गेला तरी खोटं बोलतोच आहे. यात हट्ट आहे, हेका आहे, कधीकधी निर्लज्जपणा आहे. नेहमीच वाईट असं नाही, पण दार उघडं असतं. पर्सिव्हिअरमध्ये मात्र बोलणारा बहुतेक वेळा त्या माणसाच्या बाजूने असतो. म्हणून माझा ढोबळ नियम असा, कौतुक करायचंय तर पर्सिव्हिअर, नुसतं सांगायचंय किंवा वैतागलोय तर पर्सिस्ट. कोणी "ही पर्सिव्हिअर्ड इन लाइंग" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल उपहास चाललाय.

इन्सिस्ट म्हणजे आग्रह धरणे, तो तोंडाने होतो. पर्सिव्हिअर हाताने, कामाने होतो. एवढं पुरे त्याच्याबद्दल.

एन्ड्युअर म्हणजे सोसणे. इथे माणूस काही करत असेलच असं नाही, वरून येतंय ते सहन करतोय. दुखणं एन्ड्युअर करतात, फिजिओथेरपी पर्सिव्हिअर विथ करतात, कारण दुखतंय तरी व्यायाम करायचाय. एकाच माणसाच्या एकाच आजारपणात दोन्ही शब्द लागू शकतात, हा फरक मला सगळ्यात सुंदर वाटतो. रेझिलिअन्स हे अजून तिसरंच, पडून परत उभं राहण्याची ताकद. हल्ली सगळ्या प्रेझेंटेशनमध्ये रेझिलिअन्स, ग्रिट, पर्सिव्हिअरन्स एका ओळीत मांडून ठेवतात जणू तिन्ही एकच, तसं नाहीये.

पायरी ५: कुठे बोलायचं, कुठे नाही

हा लिहिण्याचा शब्द आहे. निबंध, मुलाखतीतलं उत्तर, शिफारसपत्र, बातमी, भाषण इथे चालतो. मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतोय की यार कोडिंग जमतच नाहीये, सोडतो आता, त्याला तुम्ही "यू मस्ट पर्सिव्हिअर" पाठवलं तर तो तुम्हाला मुख्याध्यापक समजेल. तिथे "कीप अ‍ॅट इट" किंवा "स्टिक विथ इट" म्हणायचं. अर्थ तोच पण खांद्यावर हात ठेवल्यासारखा.

"हँग इन देअर" जरा वेगळं. आपण म्हणतो ना "थोडी कळ काढ, होईल सगळं नीट", अगदी तेच. काम करत राहा असं नाही, ही वेळ निघून जाईपर्यंत दम धर. दवाखान्यात बसलेल्या माणसाला हे म्हणता येतं, कीप अ‍ॅट इट म्हणता येत नाही. "सोल्जर ऑन" म्हणजे मन नाहीये, अंग दुखतंय, तरी रेटतोय. "प्लग अवे" म्हणजे कंटाळवाणं काम मान खाली घालून रोज थोडं थोडं. मराठीत "रेटत राहणे" मध्ये हे दोन्ही बसतात.

एकट्याने आज्ञा म्हणून मात्र हा शब्द जुन्या ब्रीदवाक्यांत छान दिसतो. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला लागून लीथ नावाचं बंदर आहे, त्याचं ब्रीदवाक्यच एका शब्दाचं, "पर्सिव्हिअर". लोकांनी विरोधात मतं देऊनही 1920 मध्ये हे गाव एडिनबरोत विलीन केलं गेलं, पण ब्रीदवाक्य तिथल्यांनी सोडलेलं नाही. शब्दाला जागले म्हणायचं.

पायरी ६: घरातले बाकीचे शब्द

पर्सिव्हिअरन्स हे नाम तर क्रियापदापेक्षा जास्त कानावर पडतं, आणि त्यात मोठा हात नासाच्या मंगळावरच्या गाडीचा आहे. 30 जुलै 2020 ला निघाली, 18 फेब्रुवारी 2021 ला जेझेरो नावाच्या विवरात उतरली. नाव शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धेतून आलं, 28 हजारांच्या वर निबंध आले होते आणि निवडलेलं नाव सातवीतल्या मुलाचं होतं. गाडी ही निर्जीव वस्तू आहे, मग पहिल्या प्रश्नाचं काय झालं असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे, गुण गाडीचा नाही, तिला तिथे पाठवणाऱ्या माणसांचा.

या नामाबरोबर ठरलेले सोबती आहेत. "शीअर पर्सिव्हिअरन्स" म्हणजे निव्वळ चिकाटीच्या जोरावर, "डॉगेड पर्सिव्हिअरन्स" म्हणजे एकदम चिवट. "इट टेक्स पर्सिव्हिअरन्स" म्हणजे याला चिकाटी लागते. हे मोजता न येणारं नाम आहे, त्यामुळे "अ पर्सिव्हिअरन्स" किंवा "मेनी पर्सिव्हिअरन्सेस" नाही लिहायचं. विशेषण पर्सिव्हिअरिंग, "अ पर्सिव्हिअरिंग स्टुडंट", बरोबर आहे पण जुनाट वाटतं, मी तिथे "डिटरमिन्ड" टाकून मोकळा होतो.

एक शब्द मात्र जपून, पर्सेव्हरेट. दिसायला सख्खा भाऊ, पण मानसशास्त्रात याचा अर्थ गरज संपली तरी तीच कृती किंवा तोच शब्द पुन्हा पुन्हा करत राहणं, थांबवता न येणं. मेंदूच्या काही इजांमध्ये असं होतं. पत्ते वर्गवारीने लावायची एक चाचणी असते, मधेच न सांगता नियम बदलतात आणि माणूस जुन्याच नियमाने पत्ते लावत बसला तर त्या चुकांना पर्सेव्हरेटिव्ह म्हणतात. स्वतःचं कौतुक करायच्या नादात बायोडेटात "आय पर्सेव्हरेट" लिहिलंत तर अवघड होईल.

पायरी ७: मराठीत आणताना

उलटा प्रवास पण बघू. भाषांतरात मी "चिकाटी केली" असं वाचलंय, ते कानाला खटकतं. चिकाटी धरतात, ठेवतात, सोडत नाहीत, करत नाहीत. "दृढ राहिला" हे तर पुस्तकी आणि अर्थानेही जरा बाजूला, कारण दृढ माणूस मतावर राहतो, कामावर नाही. संदर्भ बघून शब्द बदला. शिकणं असेल तर "नेटाने शिकत राहिली", संकट असेल तर "डगमगला नाही, काम चालू ठेवलं", टीमने खेळाडूला ठेवलं असेल तर सरळ "संधी देत राहिले". एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवला की भाषांतराचा वास येतो.

सराव म्हणून चार वाक्यं, उत्तर झाकून आधी स्वतः करा. "पाऊस आठवडाभर चालूच राहिला", इथे पर्सिस्टेड. "तो सारखा पैसे मागत राहिला", पर्सिस्टेड इन आस्किंग, किंवा साधं "केप्ट आस्किंग". "बोटं दुखायची तरी तिने गिटार सोडली नाही", पर्सिव्हिअर्ड विथ द गिटार. "आम्ही पुरात दोन दिवस छतावर तग धरून होतो", इथे पर्सिव्हिअर नाही, "हेल्ड आउट". चौथ्याला बहुतेक जण फसतात.

पायरी ८: स्वतःबद्दल लिहिताना

भाचीने कॉलेज अ‍ॅडमिशनसाठी निबंध लिहिला होता, मामा म्हणून तपासायला माझ्याकडे. त्यात वाक्य होतं "आय पर्सिव्हिअर्ड माय स्टडीज टू अचीव्ह माय गोल". पहिल्या फेरीत मी फक्त "विथ" टाकला. व्याकरण सुधारलं पण वाक्य तसंच कोरडं, हजार जणांनी हेच लिहिलेलं असणार. मग तिला विचारलं, अगं पण कठीण काय होतं त्यात? ती आधी म्हणाली काही नाही, मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "मामा, स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास झाले होते, ते लिहू?" म्हटलं तेच तर लिहायचंय. तिने दुसऱ्यांदा लिहिलं, स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास झाले, तरी आय पर्सिव्हिअर्ड विथ इट, आणि तिसऱ्या वेळी पास झाले.

आता तिन्ही प्रश्नांना हो होतं, माणूस आहे, अडचण आहे, काळ आहे, मी म्हटलं झालं, पाठव. ती दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, "दोनदा नापास आणि तिसऱ्यांदा पास हे लिहिलंय ना, मग तो शब्द कशाला पाहिजे?" आणि तिने तो खोडला.